बसव्याला कानडी कळायचं

आमचा आज्जा कानडी शिकला तो बैलासाठी. शाळेसाठी नाही, बाजारासाठी नाही, कचेरीत अर्ज द्यायला तर अजिबातच नाही. तिथं तो शेवटपर्यंत मराठीतच भांडला. पण एका वर्षी चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेतनं त्यानं एक पांढरा खोंड आणला, बसव्या. औताला जुंपला तर जागचा हलेना. 'चल' म्हटलं, हलेना. शेपटी पिरगाळली तर नुसती मान वर करून उभा. तिसऱ्या दिवशी बटाटे काढायला आलेल्या खालच्या अंगाच्या एका कानडी गड्यानं बांधावरूनच हाळी दिली, 'नडी, नडी!' आणि बसव्या चालायला लागला.

मग आज्जानं त्या गड्याला चहा पाजून तेवढे शब्द घेतले. 'नडी' म्हणजे चल, 'निल्लु' म्हणजे थांब, 'सरी' म्हणजे बाजूला हो. जोडीचा हौश्या महाराष्ट्रातल्या चंदगडकडचा, त्याला यातलं काही कळत नव्हतं. त्यामुळं आमच्या शेतात दिवसभर 'नडी रे बसव्या, चल की रे हौश्या' असं चालायचं. साल 1986. बेळगाव कन्नडसक्तीविरुद्ध पेटलेलं होतं, जूनमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. आमच्या घरातले दोघं मोर्चाला, आणि आज्जा पेरणीच्या शिवारात मोठ्यानं कानडी बोलतोय. शेजारच्या तात्यानं टोमणा मारला तेव्हा म्हणाला, "सरकारनं सांगितल्यावर बोलणार न्हाई. बैलानं सांगितलंय."

हे मी कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, छान रूपक रचलंय. रूपक नाही हो. बैल होता.

आमचं गाव उचगावच्या पलीकडं, बाचीच्या अंगाला. पुढं चार पावलांवर शिनोळी, तिथं महाराष्ट्र सुरू होतो. सीमाप्रश्न इथल्या वाचकाला नव्यानं सांगायला नको. 1956 ची भाषावार प्रांतरचना, सीमेचा वाद सोडवायला नेमलेला महाजन आयोग, दर 1 नोव्हेंबरचा काळा दिवस, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, हे सगळं आमच्याकडं पोरांना पाढ्यांसारखं येतं. आम्ही कुणाचे, आमची मोजणी कुणाच्या खात्यावर, आमच्या उताऱ्यावर कुठली भाषा, यातच आमच्या तीन पिढ्यांची उमेद खर्ची पडली. म्हणूनच 'हक्क' हा शब्द आला की आमच्या डोळ्यांपुढं आधी कागद येतो.

असाच कागदांच्या नादानं, भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांवर कुणी काय लिहिलंय ते शोधत असताना मला विल किमलिका भेटला. कॅनडातला तत्त्वज्ञ. राज्याची भाषा एक आणि घरची दुसरी अशा समाजाचं काय करायचं, यावर त्यानं 1990 च्या दशकात जे मांडलं ते जगभर वाचलं जातं. मला ते आमच्यावरच लिहिल्यासारखं वाटलं. आणि मग कळलं की ह्याच माणसानं 2011 साली बायको सू डोनाल्डसन हिच्याबरोबर जनावरांच्या नागरिकत्वावर पुस्तक लिहिलंय. पहिल्यांदा हसलो. चांगला माणूस भरकटला म्हणायचं. वाचल्यावर हसू गेलं.

त्यांचं म्हणणं आमच्या गावच्या भाषेत सांगतो. जंगलातलं जनावर म्हणजे वेगळ्या मुलखाची रयत. खानापूरच्या रानातला गवा आपल्या गावचा नाही, त्याचा मुलूख त्याला ठेवा, मध्ये पडू नका. कबुतरं, उंदीर, खारी आपल्या आडोशाला राहतात पण आपली होत नाहीत. त्यांना बिऱ्हाडकरू म्हणा, हाकलू नका. पण बैल, म्हैस, कुत्रं, शेळी यांना आपण हजारो वर्षांपूर्वी रानातनं उचलून घरात आणलं, आपल्या गरजेसारखं घडवलं, परतीची वाट बुजवून टाकली. आता ते दुसरीकडं कुठं जाणार? ते इथलेच झाले. म्हणून त्यांना नुसती दया देऊन भागत नाही. ते गावचे नागरिक, गावच्या हिताचा हिशेब करताना त्यांचं हित धरायलाच हवं.

गावकीत धरायचं, एवढीच ती गोष्ट. आणि 'आम्ही इथलेच, आम्हाला हिशेबात धरा' हे तर आम्ही इतकी वर्षं ओरडून सांगतोय.

कुणी म्हणेल, बैल काय मतदान करणार? माझ्या आत्याचा एक मुलगा जन्मापासून बोलत नाही. त्याला मतदानाचं काही कळत नाही, पण रेशनकार्डावर त्याचं नाव आहे, घराच्या वाटणीत त्याचा भाग धरलाय आणि त्याला काय हवं-नको ते आत्याला त्याच्या नुसत्या मान वळवण्यावरून समजतं. नागरिकत्व म्हणजे मतपत्रिकाच असती तर तो पोरगा या देशाचा कोणीच नसता. बैलालाही बोलता येत नाही म्हणणाऱ्यानं कधी औत धरलेलं नसणार. बैल उभ्या तासात बसतो, ते काय असतं?

तरी माझ्या मनात या विचाराशी एक भांडण आहेच, कारण गावकी म्हणजे काय ते मी आतून पाहिलंय. आमच्याकडं बैलांचे सण दोन. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर, ज्याला कानडी माणूस कारहुणवी म्हणतो, आणि आषाढात महाराष्ट्रातला बेंदूर. कुठल्या गावानं कुठला पाळायचा हे कुठल्या आयोगानं ठरवलं नाही, ज्याची जशी वहिवाट. काही घरांत दोन्ही होतात. बैलांची तेवढीच चैन. शिंगं हिंगुळानं रंगवायची, गोंडे बांधायचे, झूल घालायची, पुरणपोळी बैलाला आधी. संध्याकाळी वेशीत आडवं बांधलेलं तोरण, म्हणजे कर, तोडायला जोड्या पळायच्या आणि पहिला बैल पांढरा आला की जोंधळा पिकणार म्हणून म्हातारे खूश. आमच्या भातवाल्या गावात जोंधळा पिकून कुणाचं काय भलं होणार होतं, देव जाणे.

पण त्याच वेशीच्या बाहेर जी वस्ती होती, ती माणसं त्या दिवशीही लांबच उभी असायची. बैलाला पोळी ताटात आणि माणसाला वरून टाकून, हे मी लहानपणी पाहिलंय. बैल मेला की मात्र ओढून न्यायला त्यांनाच बोलावणं. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका, त्यांचं मांस खाऊ नका असं सांगितलं, ते कशाच्या विरुद्ध होतं हे आमच्या वेशीत उभं राहिल्यावर कळतं. जनावराचं जगणं आपल्या अंगणात आणि त्याचं मरण दुसऱ्याच्या डोक्यावर. आजही गाईच्या नावानं गाड्या अडवून माणसांना मारणाऱ्यांना मी प्राणिप्रेमी म्हणणार नाही. त्यांच्यातल्या कितीजणांनी एक रात्र तरी आजारी जनावराच्या उशाला काढलीय? गावकीत बैलाला घ्यायचं असेल तर ती गावकी आधी माणसांपुरती तरी सरळ करावी लागेल. दोन्ही कामं एका वेळी करता येतात, एवढंच मी म्हणेन. एकाचं कारण सांगून दुसरं टाळू नये.

बसव्या गेला ते साल 1993. खांदा सुजायला लागला होता, चिखलाच्या कामाला पाय उचलेना, आणि काकांनी पॉवर टिलरची चौकशी सुरू केली होती. आज्जा मला बाजारात घेऊन गेला. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, आला, बैलाचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, पाय उचलून खूर बघितला. मग दोघांनी हात टॉवेलखाली घातले. टॉवेलखाली बोटं बोलायची, वर दोघांचे चेहरे दगडाचे. मी त्या टॉवेलाकडंच बघत होतो. पांढरा, निळ्या काठाचा, मधेच फुगायचा, मधेच दबायचा. सौदा ठरला. तो बैल कुठल्या कामासाठी चाललाय हे हेड्याला माहीत होतं, आज्जाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. कुणी बोललं नाही.

आज्जानं बसव्याच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं. हेड्यानं आपलं नवं बांधलं. "जनावर विकावं लागतंय, दावं विकू नये," एवढंच आज्जा म्हणाला. हेड्यानं ओढलं तर बसव्या हलेना. माणूस ओढतोय, पोरगं मागनं काठी घालतंय, बैल पाय रोवून उभा. शेवटी आज्जानंच सांगितलं, "नडी म्हण त्याला." हेड्यानं नडी म्हटलं. बसव्या गेला.

ते दावं आमच्या सोप्यातल्या खुंटीवर कितीतरी वर्षं होतं. रंगकामाच्या वेळी काढलं आणि परत लावलं नाही.

त्या वेळी कायद्यानं तो सौदा चुकीचा नव्हता. कर्नाटकाच्या 1964 च्या कायद्यात गाईला संरक्षण होतं, बारा वर्षांवरचा किंवा कामातनं गेलेला बैल दाखला घेऊन कापता यायचा. पुढं 2015 साली महाराष्ट्रानं बैल आणि वळू कापणंही बंद केलं. कर्नाटकात तसा कायदा 2021 मध्ये लागू झाला, त्यात तेरा वर्षांवरची म्हैस तेवढी सोडली. म्हणजे मधली सहा वर्षं शिनोळीतल्या म्हाताऱ्या बैलाला अभय आणि बाचीतल्या बैलाला दाखल्यावर मरण. दोघांच्या गोठ्यात अंतर किती, तर सायकलवर चहा गार होणार नाही एवढं. घटनेनं पशुधनाचं रक्षण राज्यांच्या यादीत टाकलंय, म्हणून हे असं. आम्हाला वाटायचं सीमेनं माणसांचंच नशीब बदलतं.

क्रूरतेचा कायदा मात्र केंद्राचा, 1960 चा. त्यातल्या 11 व्या कलमाखाली जनावराला मारहाण केली, उपाशी ठेवलं, झेपणार नाही एवढं ओझं लादलं, तर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हा आकडा अजून तसाच आहे. बेळगावच्या हॉटेलात पन्नास रुपयांत एक वेळचं पोटभर जेवण मिळणं अवघड. त्याच कायद्याखाली 1965 चे नियम आहेत: ओढकामाच्या जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपू नये, सलग पाच तासांवर विश्रांतीशिवाय नको, पारा 37 अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपूच नये. वाचताना मला कामगार कायदा वाचतोय असं वाटलं, आणि तो आहेच. आता गळितात निपाणी-चिकोडीकडं रात्री जाऊन उभे राहा. चढावर गुडघ्यावर आलेली बैलजोडी, मागं मावणार नाही एवढा ऊस, आणि गाडीवर बीडकडचा एक माणूस, ज्याच्या स्वतःच्या तासांचा हिशेब कुणी ठेवत नाही. त्याला पन्नास रुपये दंड करून कोण सुखी होणार?

शर्यतींचं तर आणखी मजेशीर. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या आणि जगण्याचा हक्क देणाऱ्या घटनेच्या 21 व्या कलमातला 'जीव' पार गोठ्यापर्यंत नेला. तमिळनाडूत मोठं आंदोलन झालं, आणि 2017 साली तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र तिघांनीही क्रूरतेच्या कायद्यात आपापल्यापुरती दुरुस्ती करून घेतली. 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या आणि बैलाला 21 व्या कलमाच्या छत्राखाली आणायचं धाडस न्यायालयानं करू नये, असंही म्हटलं. म्हणजे नऊ वर्षं हक्क होता, मग नव्हता. आणि सीमेवर एकमेकांकडं पाठ करून बसलेली आमची दोन राज्यं त्या खटल्यात खांद्याला खांदा लावून उभी होती. बैल पळवायचा म्हटल्यावर झाली एकी.

मला शर्यती आवडायच्या, खोटं कशाला बोलू. जत्रेतल्या गाड्यांच्या मागं मीही पळालोय. आज आवडत नाहीत असं म्हणताना घसा थोडा अडखळतो.

2022 साली लम्पी, जनावरांच्या कातडीचा रोग, आला. बेळगाव जिल्ह्यात जनावरं पटापट गेली, बाजार बंद झाले, सीमेवरून जनावर न्यायला-आणायला बंदी. माझी मावशी शिनोळीच्या बाजूला, आमचे काका इकडं. दोघांच्या गोठ्यात एकेक गाय एकाच आठवड्यात मेली. अंगभर गाठी, पुढचे पाय सुजलेले, डोळ्यांतनं पाणी. मेलेल्या दुभत्या गाईला महाराष्ट्रात भरपाई तीस हजार, कर्नाटकात वीस. बैल असता तर महाराष्ट्रात पंचवीस आणि कर्नाटकात तीस. वासराला तिकडं सोळा, इकडं पाच. हे दर बघून काका म्हणाले, "गाय तिकडं मरायला पायजे होती आणि बैल हिकडं." हसले, आणि पुन्हा गोठ्यात जाऊन बसले. भरपाईचा अर्ज कन्नडमध्ये होता. खिडकीतल्या माणसानं 'इथं सही करा' म्हणून बोट ठेवलं, काकांनी केली. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर तेवढा त्यांना वाचता आला, तो मात्र दोन्ही राज्यांत एकाच लिपीत असतो.

म्हशीचं वेगळंच. दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात गवळी म्हशी रंगवून, शिंगांना मोरपिसं लावून रस्त्यावर पळवतात, ते बघायला सगळं गाव जमतं. मला तेव्हा आमच्या काकूची म्हैस आठवते. तिला रेडा झाला. रेड्याला दूध पाजणं कुणालाच परवडत नाही. नर म्हटल्यावर त्याच्या वाट्याला एक सड, तोही ओढून घेतलेला. महिन्यात ते रेडकू गेलं. म्हैस पान्हा सोडेना. मग कातड्यात पेंढा भरून, चार काटक्यांचे पाय लावून ते तिच्यापुढं ठेवलं. तिनं हुंगलं. मान मागं घेतली, काकूकडं बघितलं, परत हुंगलं आणि चाटायला लागली. दूध आलं. काकू तिच्या पोटाला कपाळ टेकवून धार काढत होती आणि रडत होती, धार थांबवली मात्र नाही. त्या संध्याकाळचा चहा मीही प्यायलोय.

या गोष्टीतनं कुठला कायदा निघतो ते मला सांगता येत नाही. काकू क्रूर नव्हती. लिटरला दोन-चार रुपये सुटतात त्यात रेड्याचा खर्च बसत नाही, एवढं साधं गणित. किमलिकाचं पुस्तक इथं आलं की मला थोडं दूरचं वाटायला लागतं. कॅनडातल्या कुठल्या गोठ्यात बसून हे लिहिलंय, असं विचारावंसं वाटतं. पण मग हेही दिसतं की ते गणित काकूनं मांडलेलं नव्हतं. दुधाचा भाव ज्या टेबलावर ठरतो तिथं काकूही नसते आणि म्हैसही नसते.

सध्या आमच्या गोठ्यात एक बैल आहे, तांबडा, सतरा-अठरा वर्षांचा. त्याला विकता येत नाही, कारण घेणार कोण? काका सरळ सांगतात, कायदा नसता तर कधीच गेला असता. मी त्यांना खोडत नाही. पण गेल्या चार-पाच वर्षांत त्याचं वैरण-पाणी आधी होतं आणि काकांचा चहा नंतर. टिलर बाहेर पावसात, बैल आत.

मागच्या वेळच्या पशुगणनेला, माणसांची गणना 2011 नंतर झाली नव्हती पण जनावरांची आली होती, एक पोरगी मोबाईल घेऊन अंगणात उभी राहिली. बैलहोंगलकडची असावी, कानडी बोलत होती, थोडं मराठी समजत होतं. म्हशी दोन, शेळ्या चार, कोंबड्या किती ते कोंबड्यांनाच माहीत. मग तिनं तांबड्याकडं बोट केलं. शेतीला? काका म्हणाले, न्हाई. गाडीला? न्हाई. पैदाशीला? काकांनी नुसते हात हलवले. ती पडद्यावर बोट धरून थांबली. "मग उपयोग काय याचा?"

काका विचारात पडले. "उपयोग काय न्हाई की," ते म्हणाले. "हितं राहतोय तो."

तिनं 'इतर' वर बोट दाबलं. बैलाला दावं नव्हतं, म्हणून दोन पावलं मागं सरून फोटो काढायला लागली, आणि तो तिच्या मोबाईलपर्यंत तोंड घेऊन आला तसं घाबरून म्हणाली, "निल्लु, निल्लु!"

याला कानडी कळत नाही. काका म्हणाले, "थांब रे." थांबला.